घोड्याच्या सौद्यापासून गगनचुंबी इमारतींपर्यंत : कलम १०३१ चा इतिहास

करकायदा म्हटलं की बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण आजच्या व्याख्यानात आपल्याला आकडेमोड फारशी करायची नाही. एका साध्या प्रश्नाचा शंभर वर्षांचा प्रवास बघायचा आहे. समजा, आपल्याकडे एक मालमत्ता आहे. ती विकली नाही, पैसे हातात घेतले नाहीत, फक्त तिच्या बदल्यात दुसऱ्याची तशीच मालमत्ता घेतली. मग आपल्याला नफा झाला का? आणि झाला असेल तर सरकारने त्यावर कर आजच मागावा का?

अमेरिकेच्या करकायद्यात या प्रश्नाचं उत्तर कलम १०३१ मध्ये आहे. गुंतवणुकीसाठी किंवा धंद्यासाठी बाळगलेली एक स्थावर मालमत्ता देऊन त्याच जातीची दुसरी घेतली, तर त्या वेळी कर लागत नाही, तो पुढे ढकलला जातो. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी भाड्याने देण्यासाठी घरं घेतली आहेत, त्यांच्या कानावर 'टेन थर्टीवन' हा शब्द कधी ना कधी पडलेला असतो. पण हे कलम आलं कुठून, आणि ते ज्या कामासाठी आणलं त्याच कामाला आज येतं का, हे सहसा कोणी सांगत नाही. तेच आज पाहू.

आधी या कलमाचं यंत्र कसं चालतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचा इतिहास सोपा जाईल. एका माणसाने दोन लाख डॉलरला एक इमारत घेतली. आज तिची किंमत पाच लाख आहे. घसाऱ्याचा हिशेब सोयीसाठी बाजूला ठेवू. त्याने ती विकली तर तीन लाखांचा भांडवली नफा, आणि त्यावर कर. पण त्याने ती देऊन पाच लाखांचीच दुसरी इमारत घेतली, तर आज कर शून्य. मात्र गंमत अशी की नव्या इमारतीची खरेदी किंमत कायद्याच्या वहीत पाच लाख लिहिली जात नाही, जुनेच दोन लाख पुढे ओढले जातात. उद्या ही नवी इमारत सहा लाखांना विकली, तर नफा एक लाखाचा नव्हे, चार लाखांचा धरला जातो. म्हणजे कर माफ झालेला नाही, उधारीवर गेला आहे. अदलाबदलीत थोडी रक्कम रोख मिळाली, समजा साडेचार लाखांची इमारत आणि वर पन्नास हजार रोख, तर त्या पन्नास हजारांवर मात्र कर तिथल्या तिथे. या वरच्या रकमेला अमेरिकेत 'बूट' म्हणतात. पायातल्या बुटाशी तिचा काही संबंध नाही. 'वर आणखी काय देतोस?' या घासाघिशीतला तो जुना इंग्रजी शब्द आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : हा नियम दुधारी आहे. नफा जसा पुढे जातो तसा तोटाही पुढे जातो. अदलाबदल करून तोटा दाखवायचा आणि कर वाचवायचा, हेही चालत नाही.

आता इतिहासाकडे येऊ. १९१३ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत सोळावी दुरुस्ती झाली आणि संघराज्य सरकारला प्राप्तिकर लावण्याचा निर्विवाद अधिकार मिळाला. सुरुवातीचे दर अगदी किरकोळ होते. पण लगेच पहिलं महायुद्ध आलं. १९१८ च्या कायद्यात सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा दर ७७ टक्क्यांवर पोहोचला. दर एक-दोन टक्के असतो तेव्हा 'उत्पन्न म्हणजे नेमकं काय?' यावर कोणी कोर्टात जात नाही. दर ७७ टक्के झाला की प्रत्येक शब्दाचा कीस पाडला जातो.

याच १९१८ च्या कायद्यात अदलाबदलीबद्दल एक रोखठोक वाक्य होतं. मालमत्तेच्या बदल्यात मालमत्ता मिळाली, तर मिळालेली वस्तू तिच्या बाजारभावाइतकी रोख रक्कमच आहे असं समजायचं. कंपन्यांच्या पुनर्रचनेला काही सूट होती, पण सर्वसाधारण नियम हा. कागदावर हे न्याय्यच दिसतं. पण आपण त्या काळातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून बघू. त्याने आपलं रान देऊन शेजारच्या तालुक्यातलं रान घेतलं. पैसा एक छदामही हातात आला नाही. आणि सरकार म्हणतं, तुझ्या जुन्या रानाची किंमत वाढली होती, तो नफा आता पदरात पडला, कर भर. कर भरायचा तर रोख लागते. रोख आणायची तर नुकतंच मिळालेलं रान गहाण टाकायचं किंवा विकायचं. शिवाय त्या रानाचा बाजारभाव ठरवायचा कोणी? खरेदी-विक्री झालेलीच नाही, तर भावाला पुरावा काय?

याच सुमाराला सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला, 'आयस्नर विरुद्ध मॅकोम्बर', निकाल मार्च १९२०. मर्टल मॅकोम्बर या बाईंकडे कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे २,२०० शेअर होते. कंपनीने लाभांश म्हणून रोख न देता आणखी १,१०० शेअर दिले. हे उत्पन्न आहे का? पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने न्यायालयाने सांगितलं, नाही. बाईंच्या हातात नवं काही आलेलंच नाही, जुन्याच भाकरीचे जास्त तुकडे झाले. संपत्तीची किंमत वाढणं वेगळं आणि ती वाढ मालकाच्या हाती वेगळी होऊन पडणं वेगळं. न्यायमूर्ती होम्स आणि ब्रँडाइस यांच्यासारख्या मोठ्या नावांनी विरोधात मत दिलं होतं, हेही सांगायला हवं. पण 'नफा पदरात पडला का?' हा प्रश्न त्या निकालाने करकायद्याच्या मध्यभागी आणून ठेवला.

या पार्श्वभूमीवर १९२१ चा महसूल कायदा आला. त्याच्या कलम २०२ मध्ये आजच्या १०३१ ची मुळं आहेत. गुंतवणुकीसाठी किंवा धंद्यात वापरासाठी बाळगलेली मालमत्ता देऊन त्याच जातीची किंवा त्याच उपयोगाची दुसरी घेतली, तर नफाही मोजायचा नाही, तोटाही नाही. दुकानदाराचा विक्रीचा माल यातून वगळला होता, कारण तो विकण्यासाठीच असतो.

सवलत आली की तिच्यातली फट शोधणारेही येतातच. रोखे आणि शेअर यांचे दलाल लोकांना सांगू लागले, विकू नका, बदलून घ्या, कर लागणार नाही. दोन वर्षांच्या आत, १९२३ मध्ये, काँग्रेसने रोखे आणि शेअर या सवलतीतून काढून टाकले. पुढे १९२४, १९२८ असं कलम घासूनपुसून बसवलं गेलं.

खरी परीक्षा झाली १९३४ मध्ये. महामंदी चालू होती, सरकारची तिजोरी रिकामी होती आणि सगळ्या सवलती तपासायला काढल्या होत्या. ही सवलत ठेवायची की नाही? प्रतिनिधीगृहाच्या समितीच्या अहवालात जी कारणं दिली आहेत ती फार बोलकी आहेत. एक : माणसाचा पैसा अजून त्याच जातीच्या मालमत्तेत अडकलेला आहे, मग केवळ कागदावरच्या नफ्यावर कर मागणं बरं नाही. दोन : दरवर्षी घोड्याच्या बदल्यात घोडा असे हजारो सौदे होतात, त्या प्रत्येकाची किंमत ठरवत बसणं सरकारला झेपणार नाही. आणि तिसरं कारण खास मंदीतलं : सगळ्या अदलाबदली करपात्र केल्या तर नफ्यापेक्षा कागदी तोट्याचेच दावे जास्त येतील, सरकारचंच नुकसान होईल. म्हणजे ही सवलत टिकली ती फक्त करदात्यावरच्या दयेने नव्हे. सरकारचा स्वतःचा हिशेबही त्यात होता.

१९५४ मध्ये संपूर्ण करसंहिता नव्याने मांडली गेली आणि या कलमाला १०३१ हा क्रमांक मिळाला.

इथपर्यंत अदलाबदल म्हणजे खरोखरची अदलाबदल होती. तुझं मला, माझं तुला. पण व्यवहारात अडचण अशी की माझी जमीन ज्याला हवी आहे, त्याच्याकडे मला हवी असलेली जमीन असेलच कशाला? मग तिसरा माणूस आणायचा. मला हवी असलेली जागा खरेदीदाराने आधी तिसऱ्याकडून विकत घ्यायची आणि मग माझ्याशी बदलायची. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑल्डरसन खटल्यात अपील न्यायालयाने हे मान्य केलं.

पण हे सगळं एकाच वेळी व्हावं लागे. ती अट मोडली ओरेगॉनच्या एका कुटुंबाने. टी. जे. स्टार्कर हे तिथले वनशास्त्राचे प्राध्यापक आणि जंगलजमिनींचे मालक. १ एप्रिल १९६७ रोजी त्यांनी, मुलाने आणि सुनेने मिळून क्राउन झेलरबाख या कागद-लाकूड कंपनीशी करार केला. कुटुंबाने कंपनीला १,८४३ एकर जंगलजमीन द्यायची. कंपनीने बदल्यात त्या दिवशी काहीच द्यायचं नाही, फक्त वचन द्यायचं : पाच वर्षांच्या आत तुम्ही दाखवाल त्या मालमत्ता विकत घेऊन तुमच्या नावावर करू, आणि काही शिल्लक राहिलंच तर रोख देऊ. शिलकीवर दरसाल सहा टक्के वाढ. टी. जे. यांच्या खात्यावर कंपनीने १५,०२,५०० डॉलर मांडले. सप्टेंबर १९६७ ते मे १९६९ या काळात कंपनीने त्यांनी निवडलेल्या १२ मालमत्ता घेतल्या आणि खातं शून्य झालं.

करखात्याने विचारलं, याला अदलाबदल म्हणायचं कसं? आज जमीन दिली, दोन वर्षांनी जमीन घेतली, मधे व्याज मोजलं. ही तर उधारीची विक्री! मुलाचा खटला आधी उभा राहिला. १९७५ मध्ये जिल्हा न्यायाधीश गस सॉलोमन यांनी मुलाच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केलं आणि मागे घेतलं. मग वडिलांचा खटला त्याच न्यायाधीशांपुढे आला, करारही तोच. १९७७ मध्ये सॉलोमन यांनी आधीचा आपला निकाल चुकला होता असं सांगून वडिलांच्या विरुद्ध निकाल दिला. एकाच कराराचे एकाच न्यायाधीशाकडून दोन अर्थ! शेवटी १९७९ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने बहुतांशी वडिलांची बाजू उचलून धरली. १२ पैकी ९ मालमत्तांबाबत न्यायालयाचं म्हणणं असं की मुलाच्या खटल्यात हाच मुद्दा सरकार हरलं आहे, तोच वाद पुन्हा उकरता येणार नाही. उरलेल्या तीनपैकी एक मान्य झाली, दोन नाहीत. आणि ते सहा टक्के म्हणजे व्याजच, त्यावर कर भरा, असंही बजावलं. पण मुख्य मुद्दा मान्य झाला : दोन्ही बाजूंचं हस्तांतर एकाच दिवशी झालं नाही म्हणून ती अदलाबदल नव्हे, असं म्हणता येणार नाही.

या निकालाने दार सताड उघडलं. करार करा, जमीन द्या, आणि निवांत शोधत बसा. १९८४ मध्ये काँग्रेसने दाराला कडी घातली. जुनी मालमत्ता हातातून गेल्यापासून ४५ दिवसांत नवी कोणती घेणार ते लेखी कळवायचं आणि १८० दिवसांत, किंवा त्या वर्षाचं विवरणपत्र भरण्याची मुदत आधी संपत असेल तर तोवर, ती ताब्यात घ्यायची. १९९१ च्या नियमांनी मध्यस्थ कायदेशीर केला. विक्रीचे पैसे मालकाने हातात घ्यायचेच नाहीत, ते या मध्यस्थाकडे राहतात आणि त्यातून नवी मालमत्ता घेतली जाते. आता नीट बघा काय झालं. माणूस आपली मालमत्ता एकाला विकतो, दुसरी भलत्याच माणसाकडून विकत घेतो, पैसा बाजारभावाने मोजला जातो, आणि कायदा म्हणतो ही अदलाबदल आहे. १९३४ च्या समितीचं घोड्याचं कारण, म्हणजे किंमत ठरवता येत नाही हे कारण, इथे उरलंच कुठे? किंमत तर प्रत्येक कागदावर छापलेली असते.

'त्याच जातीची' या शब्दांचंही असंच झालं. स्थावर मालमत्तेत जात म्हणजे मूळ स्वरूप, दर्जा नव्हे. त्यामुळे शहरातली इमारत देऊन कुरण घेता येतं, मोकळा भूखंड देऊन दुकानांचा गाळा घेता येतो, तीस वर्षं किंवा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही चालतो. जंगम वस्तूंमध्ये मात्र बारकावे इतके की १९६९ मध्ये कायद्यात लिहून टाकलं, नर गुरं आणि मादी गुरं एका जातीची नव्हेत! २०१७ च्या करसुधारणेने हा सगळा पसारा आवरला. १ जानेवारी २०१८ पासून ट्रक, विमानं, गुरं, चित्रं सगळं बाहेर, फक्त स्थावर मालमत्ता आत. ज्या घोड्याच्या सौद्यासाठी सवलत टिकवली होती, तो घोडाच शेवटी तबेल्याबाहेर गेला.

या व्यवस्थेत सामान्य माणसाला धोका कुठे आहे, तेही पाहू. तो मध्यस्थाकडे आहे. विक्रीचे सगळे पैसे महिनोन्महिने दुसऱ्याच्या हातात असतात. २००८ च्या आर्थिक संकटात व्हर्जिनियातली अशी एक मोठी मध्यस्थ कंपनी दिवाळखोरीत गेली. ग्राहकांचे पैसे तिने ज्या रोख्यांत गुंतवले होते त्यांना बाजारात गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. जुनी जागा गेलेली, नवी घ्यायला पैसे नाहीत, आणि १८० दिवसांचं घड्याळ चालूच. अशा बुडालेल्या मध्यस्थांच्या ग्राहकांना, पैसे प्रत्यक्ष मिळतील तेव्हाच नफा मोजा, अशी सवलत करखात्याने दिली ती २०१० मध्ये.

आता थोडं आपल्या घरी येऊ. भारतात भांडवली नफ्यावरचा कर पहिल्यांदा आला तो हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या फेब्रुवारी १९४७ च्या अंदाजपत्रकात. ३१ मार्च १९४८ नंतरच्या नफ्यावरून तो उठवला गेला. पुढे केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तो परत आणला. आपल्या १९६१ च्या कायद्यात अदलाबदल हे हस्तांतरच धरलं होतं, म्हणजे १०३१ सारखी सरसकट सूट नव्हती. त्याऐवजी कलम ५४ होतं : राहतं घर विका आणि आधीच्या एका वर्षात किंवा नंतरच्या दोन वर्षांत दुसरं विकत घ्या, किंवा तीन वर्षांत बांधा. शेतजमिनीसाठी कलम ५४ ब : दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्या. शहरांच्या कडेला जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना याच कलमाचा आधार.

फरक दोन ठिकाणी आहे. भारताने घर आणि शेत यांना जवळ केलं, भाड्याच्या दुकानाला नाही. अमेरिकेने उलट केलं : १०३१ गुंतवणुकीच्या मालमत्तेला आहे, स्वतःच्या राहत्या घराला नाही, त्याची सोय वेगळ्या कलमात. दुसरा फरक खोलवरचा. भारतात नवं घर तीन वर्षं टिकवलं की वाचलेला कर खरोखरच वाचला, नव्या घराची किंमत पूर्ण धरली जाते. अमेरिकेत जुनी किंमत सावलीसारखी मागे येते. म्हणून परदेशातल्या आपल्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८९ पासून अमेरिकेतली आणि परदेशातली स्थावर मालमत्ता एका जातीची मानली जात नाही. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट विकून न्यू जर्सीत भाड्याचं घर घेतलं तर १०३१ लागू होत नाही, आणि नवं घर भारतात नसल्याने आपलं कलम ५४ ही मदतीला येत नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतली ती सावली कायमची मागे येते का? नाही. मालक मरण पावला की वारसाला मालमत्ता त्या दिवसाच्या बाजारभावाने मिळाली असं कायदा धरतो. दोन लाखांची जुनी किंमत पुसली जाते, सहा लाखांची नवी लिहिली जाते. आयुष्यभर बदलत राहा आणि शेवटपर्यंत विकू नका, म्हणजे उधारी कोणीच फेडायला नको. आणि लक्षात घ्या, अदलाबदलीची सूट आणि वारसाच्या किंमतीचा नियम हे दोन्ही १९२१ च्या एकाच कायद्याच्या एकाच कलम २०२ मध्ये शेजारी शेजारी बसले होते. एकेकटं पाहिलं तर दोन्हींमागे समंजस कारण दिसतं. एकत्र आले की तहकुबीची माफी होते.

पगारदार माणसाचा कर दर महिन्याला कापला जातो, त्याला अदलाबदल करता येत नाही. दुसरीकडे, कर्जात असलेल्या एखाद्या शेतकऱ्याला केवळ रान बदललं म्हणून कर लावणं हाही अन्यायच. बायडेन यांच्या सरकारने २०२१ मध्ये मधला मार्ग सुचवला होता : पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा पुढे ढकलू द्या, त्यावर कर घ्या. ते झालं नाही. तशीच मर्यादा भारताने मात्र घातली. २०२३ च्या अर्थसंकल्पाने कलम ५४ खालच्या सवलतीला दहा कोटी रुपयांची कमाल मर्यादा आणली. ती योग्य ठिकाणी आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. पण रान बदलणारा शेतकरी आणि मनोरे बदलणारी कंपनी यांच्यात कुठेतरी रेघ ओढायला हवी, हे तरी त्यात मान्य केलेलं आहे. आम्हाला वाटतं, १९२१ च्या वाक्यात नेमकी तीच रेघ राहून गेली.